पांढरा बॉल कुठे ठेवायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज एका भांडणापासून सुरुवात करतो.

माझा भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. शिरूरला खोली घेऊन राहतो. त्याचा शाळेपासूनचा एक मित्र दौंडला असतो. तिथे त्याचं दुकान आहे. दोघांनाही पूल खेळायचा नाद. एका रविवारी मित्र दौंडहून शिरूरला आला. संध्याकाळी दोघं टेबलावर उभे राहिले आणि पाच फ्रेमचा सामना ठरला. हरेल त्याने टेबलाचं भाडं द्यायचं आणि वर जेवणही घालायचं. दोन-दोन अशी बरोबरी झाली. पाचव्या फ्रेममध्ये ऐन मोक्याच्या वेळी मित्राच्या हातून पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला. भाच्याने तो उचलला आणि आपल्या उरलेल्या बॉलजवळ, हवा तिथे ठेवला. मित्र म्हणाला, ‘लाईनच्या मागे ठेव.’ भाचा म्हणाला, ‘आमच्याकडे कुठेही ठेवतात.’ शब्दाने शब्द वाढला. टेबल शिरूरचं, भोवती उभी असलेली पोरं शिरूरची. शेवटी भाच्याचंच खरं झालं आणि तो जिंकला. मित्राने भाड्याचे पैसे गल्ल्यावर ठेवले, जेवणाचेही ठेवले, पण स्वतः जेवला नाही. मोटारसायकलला किक मारून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला तो गेलाच. पुढे तीन आठवडे दोघांचं बोलणं बंद.

भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मामा, तुम्ही पूर्वी बिलियर्ड खेळायचात. तुम्हीच सांगा, चूक कुणाची?’

मी त्याला सांगितलं, ‘नियमापुरतं बोलायचं तर तुम्ही दोघंही बरोबर आहात. म्हणूनच भांडण मिटत नाही.’ ते कसं, हे सांगण्यासाठीच आजचं हे बोलणं आहे. पूल कधी न खेळलेल्या श्रोत्यांनाही त्यात काही सापडेल, असं मला वाटतं.

आपण म्हणतो, दर बारा कोसांवर भाषा बदलते. पूलचे नियम तेवढं अंतरही मागत नाहीत. एकाच गावातल्या दोन टेबलांवर दोन रिवाज असतात. शिरूर आणि दौंड यांच्यामध्ये तर भीमा नदी वाहते. नदीच्या अल्याड शिकलेला आणि पल्याड शिकलेला असे दोघं एका टेबलावर आले आणि आधी काही बोलून घेतलं नाही, की असा खटका उडणारच.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. आपल्याकडे सर्वांत जास्त खेळला जातो तो ‘एट बॉल’. टेबलाला सहा पॉकेटं, चार कोपऱ्यांत आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. पंधरा आकडी बॉल आणि एक पांढरा. १ ते ७ हे पूर्ण रंगाचे, ९ ते १५ हे पट्ट्याचे आणि मध्ये ८ नंबरचा काळा. एकाने रंगाचे घालायचे, दुसऱ्याने पट्ट्याचे. आपले सातही बॉल गेले की शेवटी काळा घालायचा. काळा नीट घातला की फ्रेम जिंकली. हातातल्या काठीने, म्हणजे क्यूने, मारायचं ते फक्त पांढऱ्याला. बाकीच्या बॉलना काय करायचं ते पांढरा करतो.

इथे कॅरम आठवा. कॅरम आपल्या घरोघरी आहे, तेव्हा समजायला सोपं जाईल. पांढरा म्हणजे कॅरममधला स्ट्रायकर. पण एक मोठा फरक आहे. कॅरममध्ये स्ट्रायकर दर खेपेला आपल्या हातात परत येतो. दोन्ही रेषांना टेकवून, डावी-उजवीकडे सरकवून, आपल्या सोयीने आपण तो लावतो. पूलमध्ये ही सोय नाही. पांढरा जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका. तो कुशनला चिकटला असेल, दुसऱ्या बॉलमागे लपला असेल, तरी तिथूनच. म्हणून पूलमधलं खरं कौशल्य बॉल घालण्यात अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पांढरा सोयीच्या जागी थांबवण्यात आहे.

यावरून पांढरा हातात मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल. तशी संधी मुख्यतः दोनच वेळा येते. एक, फ्रेमच्या सुरुवातीला ब्रेक करताना. दुसरी, समोरच्याच्या हातून फाउल झाल्यावर. कॅरममध्ये स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर आपण दंड म्हणून घातलेली सोंगटी परत काढून देतो. पूलमध्ये सहसा घातलेला बॉल परत काढत नाहीत. दंड वेगळ्या रूपात द्यावा लागतो: आपला डाव संपतो आणि पांढरा समोरच्याच्या हातात जातो. आता तो त्याने टेबलावर नेमका कुठे ठेवायचा, यावर तो दंड हलका की भारी हे ठरतं. शिरूरचं भांडण याच मुद्द्यावरचं होतं.

या प्रश्नाची प्रचारात तीन उत्तरं आहेत. तिन्हींना आपापला इतिहास आहे.

पहिलं उत्तर ‘डी’चं. हे बिलियर्ड आणि स्नूकरमधून आलं. त्या मोठ्या, बारा फुटी टेबलाच्या एका टोकाला आडवी रेषा असते आणि तिला लागून इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं अर्धवर्तुळ. पांढरा पडला की तो त्या डीमध्ये ठेवून खेळायचा. आपल्या देशात हे खेळ आधी रुजले ते लष्कराच्या मेसमध्ये, जिमखान्यांत आणि रेल्वेच्या इन्स्टिट्यूटांत. स्नूकर तर आपल्याच मातीत जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो सुरू केला, असं मानतात. पुण्याचं नावही या खेळांशी जोडलेलं आहे. विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यात झाला. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्डचं जगज्जेतेपद मिळवलं. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकलं. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, १९८५ सालचा. खेळाडू म्हणून तो घडला मात्र बेंगळुरूत. सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडच्या जुन्या खेळाडूच्या डोक्यात ‘पांढरा पडला की डी’ हे पक्कं बसलेलं आहे. पूलच्या टेबलावर डी नसतो, पण सवय असते. ती सवय मग टेबलाच्या टोकाशी असलेल्या रेषेवर जाऊन बसते.

हे झालं दुसरं उत्तर, म्हणजे ‘लाईन’. पूलच्या टेबलावर ज्या टोकाकडून ब्रेक करतात, त्या बाजूने लांबीचा पाव भाग मोजला की तिथे एक आडवी रेषा धरली जाते. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० इंच लांब असते, म्हणजे ही रेषा कुशनपासून २५ इंचांवर येते. बऱ्याच टेबलांवर ती आखलेलीही नसते. तेव्हा लाकडी कडेवरच्या ठिपक्यांच्या खुणा बघायच्या. लांब बाजूवर टोकाकडून दुसरी खूण आणि समोरच्या कडेवरची तशीच दुसरी खूण मनाने जोडली, की झाली रेषा. पांढरा पडल्यावर तो या रेषेच्या मागे ठेवायचा, ही पूलमधली जुनी आणि सर्वदूर पसरलेली चाल. दौंडच्या मित्राची हीच.

तिसरं उत्तर ‘कुठेही’. फाउल झाला की समोरच्याने पांढरा टेबलावर हवा तिथे ठेवावा. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत एट बॉल आणि नाइन बॉल या दोन्ही खेळांत चालू फ्रेममधल्या फाउलला साधारण हीच शिक्षा आहे. ब्रेकच्या वेळच्या फाउलला काही खेळांत वेगळी तजवीज असते, ती तेवढी वेगळी धरायची. शिरूरच्या पोरांनी हा नियम दूरदर्शन संचावरचे सामने बघून घेतला असेल किंवा पुण्याला खेळून आलेल्या कुणाकडून. जागतिक नियमाच्या फूटपट्टीने मोजलं तर भाच्याची बाजू वरचढ ठरते.

याखेरीज काही ठिकाणी फाउलनंतर समोरच्याला लागोपाठ दोन डाव द्यायची रीत आहे. ती लाल-पिवळ्या बॉलच्या इंग्लिश पद्धतीच्या पूलमधून आली. तुमच्या टेबलावर कुणी ‘दोन चान्स’ म्हणालं, तर तो मनाचं काही सांगतोय असं समजू नका. त्याचं घराणं वेगळं, एवढंच.

आता कुणीही विचारेल, की लाईनचा नियम साधा-सोपा होता, मग ‘कुठेही’ म्हणायची वेळ का आली? याचं कारण मोठं मासलेवाईक आहे. समजा, माझा प्रतिस्पर्धी जिंकायच्या बेतात आहे. त्याचा एकच बॉल उरलाय आणि तो लाईनच्या मागे, कुशनजवळ बसलाय. माझे चार बाकी आहेत. अशा वेळी मी मुद्दाम पांढरा पॉकेटमध्ये घालवला तर? लाईनच्या नियमाप्रमाणे त्याने पांढरा लाईनच्या मागे ठेवायचा आणि तो रेषेपलीकडे मारायचा. लाईनमागच्या बॉलवर थेट मारायची मुभा नाही. म्हणजे त्याचा बॉल हातभर अंतरावर असून त्याला पांढरा पार पलीकडच्या कुशनवर आपटून परत आणावा लागेल. फाउल माझा आणि अडचण त्याची! ज्या शिक्षेत गुन्हा करणाऱ्याचाच फायदा होतो, ती शिक्षा कसली? ‘कुठेही’ या नियमाने ही पळवाट बंद केली. पांढरा हवा तिथे ठेवायची मुभा मिळाली की मुद्दाम फाउल करणं बहुधा अंगाशी येतं.

ज्यांना लाईनच्या नियमानेच खेळायचं असेल त्यांनी खुशाल खेळावं, पण त्यातले बारकावे ठाऊक हवेत. बॉल रेषेच्या मागे आहे की पुढे, हे त्याच्या फुगीर भागावरून ठरवायचं नाही. बॉलचं बूड कापडाला जिथे टेकतं, तो बिंदू बघायचा. तो बिंदू रेषेच्या मागेच हवा; अगदी रेषेवर असला तरी चालत नाही. आणि लाईनमागे दडलेला बॉल मारायचा असेल, तर पांढरा आधी रेषा ओलांडून गेला पाहिजे आणि मग परत येऊन त्याला लागला पाहिजे. स्नूकर खेळणाऱ्यांचा इथे हटकून गोंधळ होतो, कारण स्नूकरमध्ये डीमधून कुठल्याही दिशेला मारता येतं. बिलियर्डमध्ये मात्र रेषेमागच्या बॉलवर थेट मारायला बंदी आहे. पूलची लाईन या बाबतीत बिलियर्डची सख्खी बहीण.

‘कुठेही’ म्हणजेसुद्धा ‘कसंही’ नव्हे. पांढरा हातात आला की तो हाताने ठेवा, क्यूने सरकवा, एकदा ठेवल्यावर पुन्हा हलवा. प्रत्यक्ष फटका मारेपर्यंत जागा बदलायची मोकळीक आहे. फक्त क्यूच्या टोकाने सरकवताना फटका मारल्यासारखी पुढे ढकलणारी हालचाल करायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ठेवताना दुसऱ्या कुठल्याही बॉलला धक्का लागता कामा नये. हात, बाही, गळ्यातलं आयकार्ड, केस, खडूचा तुकडा आणि हातातला पांढरा, या सगळ्यांची जबाबदारी खेळणाऱ्यावर. पंच असलेल्या सामन्यात यातल्या कशाचाही बॉलला स्पर्श झाला की फाउल. म्हणजे एवढी सोन्यासारखी संधी नुसत्या बाहीपायी हातची जाते.

आणखी एक चूक फार होते. समोरच्याचा फाउल झालाय असं आपल्याला वाटतं आणि आपण घाईने पांढरा उचलतो. तो म्हणतो, ‘फाउल कुठे झाला? माझा बॉल लागला की!’ झालं. खरोखरच फाउल झालेला नसेल तर पांढरा आपल्या हाती यायचाच नव्हता आणि त्याला हात लावल्याबद्दल उलट आपलाच फाउल. शिवाय आपण तो उचलल्यामुळे पुरावाही गेला. म्हणून पांढऱ्याला हात लावण्याआधी तोंडाने विचारावं, ‘फाउल आहे ना?’ समोरचा ‘हो’ म्हणाला की मगच उचलावा. या चार शब्दांनी निम्मी भांडणं मिटतात.

आता फाउल म्हणजे काय काय, ते बघू. पांढरा पॉकेटमध्ये गेला, ज्याला आपली पोरं ‘इन-ऑफ’ म्हणतात, तो फाउल सगळ्यांना माहीत आहे. दुसरा, पांढऱ्याने पहिल्यांदा भलत्याच बॉलला स्पर्श करणं. माझे पट्ट्याचे असतील तर पांढरा प्रथम पट्ट्याच्याच बॉलला लागला पाहिजे. नंतर तो कुणालाही लागो.

तिसरा फाउल आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसतो, माहीत असला तरी मोजला जात नाही. पांढरा योग्य बॉलला लागला, पण बॉल काही पडला नाही. तर त्या स्पर्शानंतर पांढरा किंवा दुसरा कुठला तरी बॉल कुशनपर्यंत पोचलाच पाहिजे. नाही पोचला तर फाउल. हा नियम कशासाठी? नाही तर घाबरट खेळाडू आपल्या बॉलला पांढऱ्याने नुसतं गोंजारून बाजूला होईल, दुसराही तेच करील आणि फ्रेम रात्रभर संपायची नाही. कुशनच्या नियमामुळे प्रत्येकाला काहीतरी खरा डाव टाकावाच लागतो.

याशिवाय बॉल टेबलाबाहेर उडाला, फटका मारताना दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, आधीचे बॉल थांबायच्या आत फटका मारला, हे सगळे फाउलच. टेबलावर ओणवं होऊन लांबचा बॉल मारताना एक पाय हवेत गेला तर हरकत नाही. एक तरी जमिनीला टेकलेला हवा.

जास्त वाद होतात ते डबल हिटवरून. पांढरा आणि समोरचा बॉल अगदी जवळ असतात, मध्ये बोटभरही जागा नाही. अशा वेळी सरळ जोरात मारलं की क्यूचं टोक पांढऱ्याला एकदा लागतं, पांढरा समोरच्यावर आदळून क्षणभर अडतो आणि पुढे येणारं टोक त्याला दुसऱ्यांदा लागतं. हे डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची खूण दिसते. एरवी समोरासमोर टक्कर झाली की पांढरा आपला बहुतेक वेग पुढच्या बॉलला देऊन मागे राहतो. तसं न होता तो पुढच्याच्या पाठोपाठ जवळपास त्याच वेगाने पळाला, तर डबल हिट झाला असं समजावं. दोन्ही बॉल आधीपासून एकमेकांना चिकटलेले असतील तर गोष्ट वेगळी. पूलच्या जागतिक नियमांत चिकटलेल्या बॉलवर थेट, नेहमीसारखा फटका मारता येतो. स्नूकरमध्ये तसं चालत नाही. चिकटलेला बॉल न हलवता पांढरा दूर मारावा लागतो. म्हणून फटक्याआधीच दोघांनी वाकून बघावं आणि ‘चिकटलाय’ किंवा ‘नाही’ हे ठरवून टाकावं.

काळ्याची गोष्ट निराळी. आपले बॉल शिल्लक असताना काळा पडला, काळा घालताना त्याच फटक्यात फाउल झाला, काळा सांगितलेल्या पॉकेटऐवजी दुसरीकडे गेला किंवा टेबलाबाहेर उडाला, तर फ्रेम गेली. पण काळ्यावर मारताना काळा पडला नाही आणि नुसता पांढरा पडला, तर? आपल्याकडे बऱ्याच टेबलांवर तेवढ्यावरही फ्रेम गेली असं धरतात. जागतिक नियम तसं म्हणत नाही. तो साधा फाउल. पांढरा समोरच्याच्या हाती, खेळ पुढे चालू. हा मुद्दासुद्धा आधी बोलून घ्यायच्या यादीत टाका.

श्रोतेहो, हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढे नियम पाळतंय कोण आणि बघतंय कोण? खरा प्रश्न तोच आहे. मोठ्या स्पर्धेत पंच असतो. शिरूर-दौंडच्या टेबलावर कोण असतो? दोन खेळणारे आणि चार बघे. नियमांनी याचाही विचार केलेला आहे. पंच नसेल तिथे फाउल झाल्याचं समोरच्याने पुढचा फटका सुरू व्हायच्या आत सांगायचं. पुढचा फटका बसला की मागचा फाउल झालाच नाही असं धरायचं; मागाहून उकरून काढायचं नाही. दोन बॉलना पांढरा एकाच वेळी लागल्यासारखा दिसला आणि आधी कुठला लागला ते ठरेना, तर कौल मारणाऱ्याच्या बाजूने द्यायचा. आणि फटका अटीतटीचा आहे असं आधीच दिसत असेल, तर मारण्यापूर्वी तिसऱ्या एकाला जवळ बोलावून बघायला सांगायचं. त्याने दिलेला निर्णय दोघांनी मानायचा.

पंच नसलेल्या सामन्यांसाठी आणखी एक मोकळीक आहे. पांढऱ्याखेरीज दुसऱ्या एखाद्या बॉलला चुकून धक्का लागला आणि त्याने फटक्यात काही फरक पडला नाही, तर तो फाउल धरायचा नाही, असं ठरवून खेळता येतं. मात्र मग हललेला बॉल आहे तिथेच राहू द्यायचा की मूळ जागी परत ठेवायचा, हे समोरच्याने सांगायचं. चूक माझी, निवड त्याची. पण त्याला ती निवड करता यावी म्हणून आधी मी सांगायला हवं, की ‘माझा धक्का लागला.’ त्याची पाठ वळलेली असेल, तो कुणाशी बोलत असेल, तर माझ्याशिवाय कुणालाच ते माहीत नसतं. बिलियर्ड आणि स्नूकरच्या खेळाडूंत जुनी रीत आहे, की आपला फाउल आपण सांगायचा. पंचाने बघितला नसेल तरी सांगायचा. आम्हाला क्यू कशी धरायची हे शिकवण्याआधी वडीलधाऱ्यांनी हेच शिकवलं होतं.

भाच्याला मी हे सगळं सांगत होतो. तो मधूनमधून ‘बघा, म्हणजे माझंच बरोबर’ असं म्हणत होता. बाहीचा आणि धक्क्याचा मुद्दा निघाला तेव्हा मात्र तो गप्प झाला. चहा निवत गेला तरी कप उचलेना. मग खाली बघून म्हणाला, ‘मामा, त्या दिवशी पांढरा ठेवताना माझ्या बाहीने त्याचा बॉल हलला होता. फार नाही, जरासाच. लाईनवरून वाद चालला होता, कुणाचं लक्ष नव्हतं.’

मी काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. तीन आठवडे दोघं ज्या नियमावरून भांडत होते, त्यात दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चूक जिथे झाली होती तिथे भांडण नव्हतंच, कारण ती एकट्यालाच ठाऊक होती. आणि या खेळात पैसेही असतात हे विसरू नका. हरणारा टेबलाचं भाडं देतो. महिन्याच्या पगारावर खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी पाठवायची रक्कम भागवणाऱ्या पोरांना ते जाणवतं. न सांगितलेला फाउल म्हणजे दुसऱ्याच्या खिशात घातलेला हात. मग तो एक दाताएवढा हललेला बॉल का असेना.

पुढच्या रविवारी भाचा दौंडला गेला. मित्राला त्याने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दोघं जेवून उठल्यावर माझ्याकडे आले, एवढं मात्र खरं. मित्र मला म्हणाला, ‘मामा, आता आम्हाला नियम लिहून द्या. ज्याच्या गावात खेळू तिथल्या भिंतीवर लावतो.’

मला उटीच्या क्लबची गोष्ट आठवली. १८८० च्या दशकात स्नूकरचे नियम जागोजागी वेगळे होते. त्याच चेंबरलेनसाहेबांनी ते एकदा नीट लिहून काढले आणि उटीच्या क्लबच्या बिलियर्डच्या खोलीत भिंतीवर लावले, असं सांगतात. म्हणजे नियमांवरून होणारी भांडणंही जुनी आणि त्यावरचा उपायही जुनाच.

मी एका कागदावर सहा ओळी लिहून दिल्या. पांढरा पडला तर कुठे ठेवायचा, लाईन की कुठेही, ते ब्रेकआधी ठरवा. ब्रेकच्या फाउलला काय करायचं तेही ठरवा. बॉल पडला नाही तर कुशनचा नियम धरायचा की नाही ते बोला. काळ्यावर खेळताना पांढरा पडला तर फ्रेम जाणार का, हे स्पष्ट करा. समोरचा ‘हो’ म्हणाल्याशिवाय पांढऱ्याला हात लावू नका. आणि शेवटची ओळ: आपला फाउल आपण सांगा.

मित्राने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग भाच्याकडे बघून म्हणाला, ‘पहिल्या पाच ओळी भिंतीवर लावू. सहावी लावायची गरज नाही.’

भाचा म्हणाला, ‘नको. ती वरच लिही.’